मैदान सोडून वर्गात जाऊ का?

पत्राचा सारांश: ग्वाल्हेरच्या लष्कर भागातून एका ३१ वर्षांच्या वाचक भगिनीनं लिहिलं आहे. कॉलेजात त्या जिवाजी विद्यापीठाकडून खो-खो आणि हॉकी खेळल्या, शिवाय ४०० मीटर धावल्या. तिन्हींत आंतरविद्यापीठ स्पर्धेपर्यंत गेल्या, त्यापुढे एकातही नाही. बी.एस्सी.नंतर बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणातली पदवी) केलं आणि तेव्हापासून एका खासगी सीबीएसई शाळेत त्या ‘पीटी मॅडम’ आहेत. शाळा भरण्याआधी खो-खो घेतात, सुटल्यावर मुलींची हॉकी. आता मुख्याध्यापिका म्हणतात, “बी.एड. करा, विज्ञानाचे वर्ग देऊ, पगार वाढेल, उन्हातून सुटाल.” त्याच वेळी शहरात नव्यानं सुरू होणाऱ्या एका हॉकी अकादमीनं पूर्णवेळ प्रशिक्षक म्हणून बोलावलं आहे, मात्र बाकीचे खेळ सोडण्याची अट घालून. बाबा म्हणतात, “एक ना धड भाराभर चिंध्या झालं तुझं.” सासूबाईंना वाटतं, शिट्टी घेऊन पोरांमागे धावायचं वय सरलं. त्यातच सातवीतल्या एका गुणी मुलीचे आईवडील विचारताहेत की हिला कुठला एकच खेळ धरायला लावू? ताई लिहितात, “माझं जे झालं ते तिचं होऊ नये, म्हणून आत्ताच एक खेळ निवडायला सांगावं असं वाटतं. आणि मी काय करू? खेळाडू म्हणून कमी पडले म्हणून शिक्षिका झाले, हेच खरं ना?”

ताई,

तुमच्या पत्रातला त्या सातवीतल्या मुलीचा परिच्छेद मी पुन्हा काढून वाचला. स्वतःबद्दल लिहिताना तुम्ही चाचरता, वाक्यं अर्धी सोडता. तिच्याबद्दल लिहिताना मात्र एकदम नेमक्या होता. तुम्ही लिहिलंय, “पाठलाग करताना ती पळणाऱ्याच्या पायांकडे बघत नाही, कमरेकडे बघते. हे तिला कुणी शिकवलेलं नाही. हॉकीतही समोरच्याच्या काठीच्या हुलकावणीला ती फसत नाही, ते त्यामुळेच.” हे वाक्य फक्त हॉकी खेळलेल्या प्रशिक्षकाला लिहिता आलं नसतं, कारण त्यानं तिला खो-खोच्या मैदानावर पाहिलंच नसतं. फक्त खो-खो खेळलेल्यालाही नाही. दोन खेळांमधला हा धागा तुम्हाला दिसला, कारण तुमचे पाय दोन्हीकडे मळलेले आहेत. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला द्यायचं आहे ते इथूनच.

तुम्ही मनात एक उतरंड धरून चालला आहात. वर देशासाठी खेळलेला खेळाडू, त्याखाली राज्याचा, त्याखाली विद्यापीठाचा, आणि जे कुठेच टिकले नाहीत ते शिकवायला लागले. आपल्या समाजात हा समज इतका रुजलेला आहे की तुम्ही तो तपासून पाहिला नाही, यात नवल नाही. पण जरा बघा. रमाकांत आचरेकर प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले. १९९० साली त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. २४ फेब्रुवारी २०१० रोजी पुरुषांच्या एकदिवसीय सामन्यातलं पहिलं द्विशतक तुमच्याच गावात, कॅप्टन रूपसिंग मैदानावर झळकलं. ते झळकवणारा सचिन तेंडुलकर आचरेकर सरांच्या हाताखाली घडला होता. पी. टी. उषाचे प्रशिक्षक ओ. एम. नंबियार हवाई दलातले धावपटू होते, त्यांना देशाकडून धावायला कधी मिळालं नाही. १९८५ मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार पहिल्यांदा दिले गेले तेव्हा तिघा मानकऱ्यांत ते होते, आणि कुस्तीचे भालचंद्र भास्कर भागवत त्यांच्या जोडीला होते.

एवढ्यानं तुमचं समाधान व्हावं अशी माझी अपेक्षा नाही. मोठमोठे खेळाडू उत्तम प्रशिक्षक झाल्याचीही उदाहरणं आहेत, आणि कमी खेळलेला प्रत्येक जण आचरेकर होत नाही. मला एवढंच दाखवायचं आहे की खेळणं आणि शिकवणं ही दोन वेगळी कामं आहेत. एकात किती वर गेलात यावरून दुसऱ्यात किती जाल हे ठरत नाही. ‘कमी पडले म्हणून’ या तुमच्या शब्दांमागे जे दुःख आहे ते खरं आहे, ते मी नाकारत नाही. निवड समितीच्या यादीत आपलं नाव नसल्याचा तो दिवस कुठलाही खेळाडू विसरत नाही. पण त्या दिवसाचं दुःख ही एक गोष्ट आणि त्यानंतर इतकी वर्षं भल्या पहाटे उठून तुम्ही जे केलंत ती दुसरी गोष्ट. पहिलीमुळे दुसरी हलकी ठरत नाही.

आता एका जुन्या क्रीडाशिक्षकाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण त्याचा प्रवास तुमच्याशी फार जुळतो. जेम्स नाइस्मिथ, जन्म १८६१, कॅनडातला. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात शिकताना तो फुटबॉल, रग्बी, लॅक्रॉस (जाळीच्या काठीनं खेळायचा चेंडूचा खेळ) खेळायचा, जिम्नॅस्टिक्स करायचा. पुढे धर्मोपदेशक व्हायचं म्हणून धर्मशास्त्रही शिकला, आणि अशा माणसानं मैदानात धुळीत लोळावं हे त्याच्या बरोबरीच्या बऱ्याच जणांना पटत नव्हतं. शेवटी त्यानं क्रीडाशिक्षकाचा मार्ग धरला. १८९१ च्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी, वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेच्या प्रशिक्षण शाळेत, त्याच्याकडे एक वर्ग सोपवला गेला. आधीच्या शिक्षकांना या वर्गानं जेरीस आणलं होतं. बाहेर थंडी, आत रोज तीच कवायत, विद्यार्थी कंटाळलेले. वरिष्ठांनी सांगितलं, १४ दिवसांत यांना गुंतवून ठेवील असा खेळ काढ.

नाइस्मिथनं आधी आपल्याला येणारे खेळच एकेक करून हॉलमध्ये आणून पाहिले. फुटबॉल आणला, लॅक्रॉस आणला. बंद जागेत नुसती धक्काबुक्की झाली. मग तो विचार करायला बसला की प्रत्येक खेळात माणसं एकमेकांवर आदळतात ती नेमकी कशामुळे. चेंडू घेऊन पळणाऱ्याला अडवायचं म्हणून त्याला पाडावं लागतं, तर चेंडू घेऊन पळूच द्यायचं नाही. गोल समोर उभा असला की जीव खाऊन चेंडू मारतात, तर गोल डोक्यावर आडवा टांगायचा, म्हणजे चेंडू अलगद वर सोडावा लागेल. ही शेवटची कल्पना त्याला लहानपणी गावात खेळलेल्या, दगडावर ठेवलेला दगड नेम धरून पाडायच्या खेळावरून सुचली. पीचच्या दोन टोपल्या, एक फुटबॉल आणि १३ नियम. तो खेळ म्हणजे आजचा बास्केटबॉल.

एकाच खेळात मुरलेल्या माणसाला हे सुचलं असतं का? मला नाही वाटत. त्यानं चार खेळ अंगानं खेळले होते, म्हणून कुठल्या खेळातलं काय उचलायचं आणि काय टाकायचं हे त्याला कळलं. पुढे तो कॅन्सस विद्यापीठात शिकवायला गेला आणि तिथल्या बास्केटबॉल संघाचा प्रशिक्षक झाला. त्या काळात त्याच्या संघानं ५५ सामने जिंकले आणि ६० गमावले. जिंकण्यापेक्षा जास्त हरलेला त्या विद्यापीठाचा तो एकमेव प्रशिक्षक, आणि तोही खेळाचा जन्मदाता! पण त्याच्या हाताखालचा फॉग ॲलन पुढे कित्येक दशकं तिथे प्रशिक्षक होता आणि अमेरिकेत बास्केटबॉल प्रशिक्षणाचा जनक म्हणून त्याचंच नाव घेतात. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉलचा पहिल्यांदा समावेश झाला तेव्हा नाइस्मिथ तिथे हजर होता. त्याच बर्लिनला तुमच्या ग्वाल्हेरचे रूपसिंग आपलं हॉकीतलं दुसरं सुवर्णपदक मिळवत होते. जाता जाता सांगते, रूपसिंग हॉकीशिवाय क्रिकेट आणि टेनिसही आवडीनं खेळायचे, आणि त्यांच्या नावाचं मैदान मुळात हॉकीचंच होतं, क्रिकेट तिथे नंतर आलं.

म्हणून बाबांच्या त्या म्हणीशी मी सहमत नाही. त्यांचा राग मी समजू शकते. मुलगी इतकी राबली, पण भिंतीवर लावायला देशाचं प्रमाणपत्र नाही, ही त्यांची खंत आहे. पण तुम्ही तीन खेळ खेळलात म्हणून वर गेला नाहीत, हे त्यांनी आणि तुम्ही दोघांनी गृहीत धरलंय. त्याला पुरावा काय? तुमच्याच पत्रात आहे की कॉलेजच्या शेवटच्या वर्षी गुडघा दुखावला, हॉकीसाठी टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवतावर, सरावाला आठवड्यातून एखादाच दिवस मिळायचा, आणि बाहेरगावी स्पर्धेला सोबतीला कुणी नाही म्हणून दोनदा घरून परवानगी मिळाली नाही. यातलं एकही कारण ‘तीन खेळ’ हे नाही. एकच खेळ खेळला असतात तरी गुडघा, टर्फ आणि परवानगी यांचा प्रश्न तसाच राहिला असता.

आणि हे आत्ताच नीट पाहायला हवं, कारण याच गृहीतकावर तुम्ही एका १२ वर्षांच्या मुलीला सल्ला देणार आहात.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१६ मध्ये या विषयावर एक अहवाल दिला. त्यांचं म्हणणं असं की बहुतेक खेळांत एकाच खेळाची निवड १५–१६ व्या वर्षापर्यंत पुढे ढकलावी. त्याआधी वेगवेगळे खेळ खेळलेल्या मुलांना दुखापती कमी होतात, खेळाचा वीट येऊन ती मध्येच सोडत नाहीत, आणि पुढे वरच्या पातळीवर जाण्याची शक्यताही त्यामुळे घटत नाही. आठवड्यातून एक-दोन दिवस पूर्ण विश्रांती हवी. वर्षातले एकूण तीन महिने, एकेक महिना करून, आपल्या मुख्य खेळापासून लांब राहावं. आणखी एक सोपा हिशेब पालकांना सांगण्याजोगा आहे. ठरवून घेतलेल्या सरावाचे आठवड्याचे तास मुलाच्या वयापेक्षा जास्त नसावेत. तुमची विद्यार्थिनी १२ वर्षांची, तर आठवड्याला १२ तास पुष्कळ झाले. सकाळचा खो-खो आणि संध्याकाळची हॉकी धरून तिचे तास आत्ताच किती होतात ते एकदा मोजा.

मुलींची उंची साधारण ११–१२ व्या वर्षी झपाट्यानं वाढते. हाडं लांब होतात, स्नायू मागे राहतात, आणि गुडघ्याच्या वाटीखाली दुखायला लागतं. “मॅडम, पाय दुखतो” असं मुलगी म्हणाली की “चोळ आणि पळ” हे उत्तर आपल्याकडे सर्रास दिलं जातं. ते देऊ नका. सूर मारणं, उड्या, पायऱ्यांवरचे व्यायाम काही दिवस कमी करा, दुखणं हटलं नाही तर हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवा. वयात आल्यानंतर मुलींमध्ये गुडघ्याचा अस्थिबंध फाटण्याचं प्रमाण मुलांपेक्षा जास्त असतं, आणि खो-खोतला खांबाजवळचा वळसा किंवा हॉकीत वाकून घेतलेलं वळण यांचा सगळा भार गुडघ्यावरच येतो. फुटबॉलसाठी फिफानं २००६ मध्ये ‘इलेव्हन प्लस’ नावाचा वॉर्म-अप तयार केला आहे, १५ व्यायाम, सगळा मिळून २० मिनिटांचा, साहित्याचा खर्च जवळजवळ शून्य. उडी मारून खाली येताना गुडघा आत न वळवता कसं टेकायचं हे त्यात शिकवलं जातं. तुमच्या दोन्ही संघांना तो लावून पाहा. तुमचा स्वतःचा गुडघा गेला तेव्हा हे सांगणारं तुम्हाला कुणी नव्हतं. तुमच्या मुलींना सांगायला तुम्ही आहात.

दुसरी बाजूही सांगायला हवी. जिम्नॅस्टिक्स, डायव्हिंग अशा काही खेळांत लवकर निवड करावी लागते. तुमची विद्यार्थिनी जिम्नॅस्ट असती तर मी वेगळं लिहिलं असतं. शिवाय आपल्याकडची व्यवस्था १५ वर्षांपर्यंत थांबतेच असं नाही. तुमच्याच शहरात राज्याची महिला हॉकी अकादमी आहे, तिथे चाचण्या होतात, आणि चांगल्या अकादमीत राहणं, खाणं, टर्फ आणि सामने यांची जी सोय होते ती घरी राहून होत नाही. तशी खरी संधी आली तर मुलीला चाचणीला जरूर जाऊ द्या. पण संधी आल्यावर, मुलीला विचारून निवड करणं वेगळं, आणि मॅडमच्या मनातल्या सलापोटी, काही समोर नसताना, तिचा खो-खो बंद करणं वेगळं.

एकच खेळ धरला की सगळं सुखरूप, असंही नसतं. मद्रासचे एम. जे. गोपालन भारताकडून क्रिकेट आणि हॉकी दोन्ही खेळले. १९३५ मध्ये ते हॉकी संघाबरोबर न्यूझीलंडला जाऊन आले होते. १९३६ साली दोन्हींतून एकच निवडायची वेळ आली, तेव्हा त्यांनी क्रिकेट संघाचा इंग्लंड दौरा निवडला. त्या दौऱ्यात त्यांना एकही कसोटी खेळायला मिळाली नाही, आणि हॉकी संघ बर्लिनहून सुवर्ण घेऊन आला. म्हणून त्या आईवडिलांना सांगा, “अजून तीन वर्षं तिला दोन्ही खेळू द्या, तास मी मोजते, अभ्यासाचं वेळापत्रक तुम्ही बघा, आणि नववी संपल्यावर तिच्यासकट आपण सगळे बसू.” पालकांना निर्णय हवा असतो. ‘थांबा’ म्हणणं हाही निर्णयच आहे, पण तारीख आणि जबाबदारी ठरवून दिली तरच त्यांना तो तसा वाटतो.

आता तुमच्याबद्दल.

तुमच्यापुढे दोन पर्याय आले आहेत, आणि दोन्हींत तुमच्या आत्ताच्या कामाचा अर्धा भाग गळून पडतो. वर्गात गेलात तर मैदान जातं. अकादमीत गेलात तर शाळेतली ती चाळीस मुलं जातात, ज्यांतल्या तीसांना कधीच कुठल्या संघात घेतलं जाणार नाही. क्रीडाशिक्षक आणि प्रशिक्षक यांच्यातला खरा फरक माझ्या मते हाच आहे. प्रशिक्षक निवडतो. शिक्षकाला निवडता येत नाही, त्याच्या तासाला सगळी येतात. जाड भिंगाचा चष्मा लावणारा, चेंडू बघून डोळे मिटणारा मुलगाही त्यात असतो, आणि त्याच्यासाठी काहीतरी शोधावं लागतं. तीन खेळ येणाऱ्या शिक्षिकेकडे अशा मुलाला द्यायला जास्त काही असतं. पत्रात तुम्ही अशा एका मुलाबद्दल ओझरतं लिहिलंय, जो वर्षभर कडेला बसायचा आणि शेवटी खो-खोत खांबाशेजारच्या चौकात बसून झटकन उठायला शिकला. त्याचं नाव कुठल्या करंडकावर येणार नाही. तुम्हाला कशात जास्त आनंद मिळतो, त्याच्यात की करंडकात? याचं उत्तर तुम्हीच द्यायचं आहे, आणि करंडक असं उत्तर आलं तरी त्यात लाजण्यासारखं काही नाही. मग अकादमीचा विचार गंभीरपणे करा.

मात्र करताना डोळे उघडे ठेवून करा. नवी अकादमी म्हणजे पहिली दोन वर्षं मुलं किती येतील यावर पगार अवलंबून. नेमणुकीचं पत्र, पगाराचा आकडा आणि तारीख, भविष्य निर्वाह निधी, मुलाला दुखापत झाली तर जबाबदारी कुणाची, बाहेरगावच्या स्पर्धांचा खर्च कोण करणार, हे सगळं लेखी घ्या. आपल्या शहरातला मे महिना आठवा. उन्हाळ्यात सकाळी सातनंतर मुलांना मैदानात ठेवणं धोक्याचं असतं, म्हणजे तुमचं काम भल्या पहाटे आणि संध्याकाळी उशिरा असणार. घरी चार वर्षांचा मुलगा आहे, त्या दोन्ही वेळांना त्याच्याजवळ कोण असेल? हे यजमानांशी आणि सासूबाईंशी आधी बोला, नंतर नको. सासूबाईंचा विरोध शिट्टीला आहे की संध्याकाळी नातवाला एकट्यानं सांभाळण्याला, हे विचारल्याशिवाय कळणार नाही. बहुतेक घरांत दुसरं कारण खरं असतं आणि त्यावर तोडगा निघतो.

बी.एड.बद्दल थोडक्यात. कागद म्हणून ते वाईट नाही. पण नियमित अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे, आणि सहावी ते आठवीला शिकवायचं तर जोडीला टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षाही लागते. हजेरी न लावता पदवी देऊ असं सांगणारं कुणी भेटलं तर तिथे पाऊल टाकू नका, पुढे पडताळणीत नोकरी जाते. आणि विज्ञान शिकवायची ओढ तुमच्या पत्रात मला कुठेच दिसली नाही. पगार आणि ऊन एवढीच दोन कारणं दिसली. दोन्ही खरी आहेत, पण त्यांच्यासाठी मैदान सोडायलाच हवं असं नाही.

तुम्ही ज्याचा उल्लेखही केला नाही असा तिसरा रस्ता तुमच्या घरापासून फार लांब नाही. १९५७ साली, सत्तावनच्या उठावाला १०० वर्षं झाली तेव्हा, राणी लक्ष्मीबाईंच्या नावानं ग्वाल्हेरमध्ये शारीरिक शिक्षणाचं महाविद्यालय उघडलं. राणीनं देह ठेवला ते हे शहर. आज ती संस्था अभिमत विद्यापीठ आहे आणि देशभरातून मुलं तिथे एम.पी.एड. (शारीरिक शिक्षणातली पदव्युत्तर पदवी) करायला येतात. तुम्ही रोज मेळा रोडनं जात असाल तर तिच्यावरून जात असाल. दोन वर्षांचं एम.पी.एड. केलंत तर सीबीएसईच्या अकरावी-बारावीला ‘शारीरिक शिक्षण’ हा विषय शिकवण्याचा रस्ता उघडतो. त्यात ७० गुणांची लेखी परीक्षा आणि ३० गुणांचं प्रात्यक्षिक असतं. शरीरशास्त्र, आहार, प्रशिक्षणाच्या पद्धती हे सगळं वर्गात शिकवायचं आणि मग मैदानावर करून दाखवायचं. तुमचं बी.एस्सी. इथे कामाला येतं. वर्गही मिळतो, मैदानही राहतं, आणि हुद्दा उच्च माध्यमिक शिक्षकाचा. अडचण एकच, आणि ती मोठी आहे. हा पूर्णवेळ अभ्यासक्रम आहे, म्हणजे दोन वर्षं रजा किंवा पगारावर पाणी. प्रवेशासाठी लेखी परीक्षेबरोबर शारीरिक चाचणीही असते, तेव्हा गुडघा आधी दाखवून घ्या. घरचा हिशेब मांडा, जमत नसेल तर मन खट्टू करू नका.

तेवढं जमलं नाही तर छोट्या पावलांनीही पुढे जाता येतं, आणि हे मी तुमच्यासारख्याच इतर क्रीडाशिक्षकांसाठीही लिहिते आहे. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा एक वर्षाचा प्रशिक्षण डिप्लोमा सगळ्यांना माहीत असतो, पण तिथला सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम उन्हाळ्याच्या सुट्टीला धरून करता येण्याजोगा असतो. हॉकी इंडियाचे प्रशिक्षकांसाठी प्राथमिक पातळीपासून टप्प्याटप्प्यानं वर जाणारे छोटे अभ्यासक्रम आहेत. पात्रतेचे नियम बदलत राहतात, त्या वर्षीची जाहिरात बघूनच अर्ज करा. आंतरविद्यापीठ स्पर्धांची मूळ प्रमाणपत्रं एका फाइलमध्ये ठेवा, स्कॅन करून दुसरीकडेही ठेवा. प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घ्या. मुलींना बाहेरगावी नेताना पालकांची लेखी संमती, सोबत दुसरी एक बाई आणि मुक्कामाच्या खोल्यांची आधी चौकशी या तीन गोष्टींत कधीही तडजोड करू नका. मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यात अशा गोष्टीची माहिती असूनही ती न कळवणं हाही गुन्हा आहे, हे प्रत्येक क्रीडाशिक्षकाला ठाऊक हवं.

आणि एक वही करा. प्रत्येक मुलाचं नाव, उंची, काय जमतं, काय बघून घाबरतो, कुठे दुखतं. त्या मुलीच्या कमरेकडे बघण्याबद्दल तुम्ही मला लिहिलंत तसं तिथे लिहा. वर्षाअखेरीस ती वही मुख्याध्यापिकांपुढे ठेवली की शाळेत तुम्ही नेमकं काय करता हे त्यांना कुणी वेगळं सांगावं लागणार नाही.

मुख्याध्यापिकांना तुम्हाला महिनाअखेर उत्तर द्यायचं आहे. नुसतं ‘नाही’ कळवू नका, लेखी प्रस्ताव द्या. २०१८ पासून सीबीएसईनं नववी ते बारावीसाठी आरोग्य आणि शारीरिक शिक्षणाचा तास रोजच्या वेळापत्रकात ठेवायला सांगितला आहे. तो तास आपल्या शाळेत पूर्ण चालतो, की परीक्षा जवळ आली की गणिताला जातो, हे नम्रपणे विचारा. तो पूर्ण चालवण्याची जबाबदारी तुम्ही घ्यायला तयार आहात असं लिहा. त्याबदल्यात तुमचं पद कागदावर ‘शारीरिक शिक्षण शिक्षिका’ असं हवं. वेतनश्रेणी इतर विषयशिक्षकांच्या बरोबरीची हवी. शाळेआधीच्या आणि नंतरच्या सरावाच्या तासांचा वेगळा मोबदला किंवा त्याबदली सकाळी उशिरा येण्याची मुभा हवी. एम.पी.एड.साठी बिनपगारी रजा मिळू शकेल का, आणि परत आल्यावर अकरावीला हा विषय सुरू करण्याचा शाळेचा विचार आहे का, हेही विचारा. अकादमीला मात्र तोपर्यंत होकार देऊ नका. आठवड्यातून दोन संध्याकाळी मानधनावर येईन, खो-खो सोडणार नाही, एवढं त्यांना कळवून बघा. नव्या अकादमीला चांगल्या प्रशिक्षकाची गरज तुमच्याइतकीच असते, आणि अकादमीवाले काय उत्तर देतात यावरून त्यांच्याबरोबर काम कसं होईल हेही कळेल.